तेलावरचा आळ



तेलाविषयी बोलण्याचा या माणसाला अधिकार काय, असा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. मी डॉक्टर नव्हे आणि वैद्यही नव्हे. दहावीत गणिताने दगा दिला तेव्हा खानदेशातल्या एका तेलगिरणीत डबे भरण्याच्या कामाला लागलो. पुढे कामगारांच्या युनियनचे काम गळ्यात पडले आणि त्यातच केस पिकले. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, शेजारी शब्दकोश ठेवून. तेव्हा आज मी जे सांगणार आहे, ते एका वाचणाऱ्या तेलगिरणी कामगाराचे म्हणणे समजून ऐकावे.

या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. माझी धाकटी मुलगी सात वर्षांची असताना आजारी पडली. पोट नगाऱ्यासारखे आणि हातपाय काड्यांसारखे. शौचाला पांढुरके, तेलकट होई, पाण्यावर तरंगे. माझ्या आईने ते पाहिले आणि निदान करून टाकले, “अरे, पोरीला तेल बाधतंय.” मीही मान डोलावली. गिरणीत शेंगदाण्याचे तेल, म्हणून प्रथम ते बंद केले. मग सूर्यफुलाचे आणले. मग सोलापूरकडच्या एका सोबत्याने करडईचे तेल पाठवले. शेवटी नुसते साजूक तूप, आणि तेही चमचाभर. मी गेटसभेत बोलणारा माणूस, त्यामुळे रिफाइंड तेलावर घरात रोज व्याख्यान झोडीत असे. पोरीला भूक लागली की आई तिला मऊ पोळी दुधात कुस्करून द्यायची. पचायला हलकी म्हणून! वर्षभर हे चालले आणि वजन उतरतच गेले. अखेर रक्ताची तपासणी झाली, आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहिला गेला, आणि कळले की तेल निर्दोष होते. दोष त्या पोळीत होता. या विकाराला सीलिॲक म्हणतात. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन नावाचे प्रथिन अशा माणसाच्या आतड्याला सोसत नाही.

आम्ही अडाणी म्हणून चुकलो, असे मला बरेच दिवस वाटत होते. पुढे या विकाराचा इतिहास वाचला तेव्हा थोडा धीर आला. जी चूक माझ्या आईने एक वर्ष केली, तीच जगातल्या नामांकित डॉक्टरांपैकी कितीतरी जणांनी अर्धशतकाहून अधिक काळ केली होती.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील डॉ. सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या विकाराचे नेमके वर्णन छापले. हा रोग बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, हे त्यांनी तेव्हाच ओळखले. पण कोणत्या आहाराने? गी साहेबांनी भात आणि साबुदाणा वर्ज्य सांगितला, आणि पावाचा पातळ काप दोन्ही बाजूंनी चांगला भाजून द्यायला परवानगी दिली! म्हणजे जे बिनधोक ते बंद, आणि जे घातक ते भाजून चालू. एका मुलाला ते रोज हॉलंडचे उत्तम शिंपले देत. शिंपल्यांचा हंगाम असेतो पोर बाळसे धरी, हंगाम संपला की पुन्हा खंगे. शिंपल्यांत काही जादू नव्हती. शिंपल्यांनी पोट भरल्यामुळे पाव कमी जात असावा, असा माझा तर्क आहे.

त्यांच्यामागून आलेल्यांत दोन पक्ष पडले. एक पक्ष पिष्टाला दोष देई आणि दुसरा स्निग्ध पदार्थाला. दुसऱ्या पक्षाचा पुरावा तर डोळ्यांदेखतच होता. मुलांच्या शौचातून चरबी जात होती, मग चरबीच पचत नाही हे उघड आहे. लोणी, साय, तेल सगळे तोडले गेले. विकाराला जी पंडिती नावे मिळाली त्यांतील एकाचा अर्थच ‘कारण न कळलेला चरबीचा जुलाब’ असा होतो. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार काढला. मुले बरी होऊ लागली आणि सारे श्रेय केळ्याला मिळाले. त्या आहारात पाव आणि इतर धान्ये वगळली होती, इकडे कुणाचे लक्ष गेले नाही. भलत्यावर आळ आणि भलत्याला श्रेय, असा हा सगळा प्रकार.

हा गुंता सोडवला तो हॉलंडमधील विलेम कारेल डिके या बालरोगतज्ज्ञाने. १९३६ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, हे गृहस्थ हेग शहरातल्या युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. आपल्या मुलाचा पाव बंद केला की त्याला बरे वाटते, असे एका आईने त्यांना सांगितल्याची हकीकत नमूद आहे. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने ते हसून सोडले असते. डिके यांनी गव्हावर नजर ठेवायला सुरुवात केली आणि १९४१ मध्ये आपले निरीक्षण डच भाषेत प्रसिद्ध केले. ते महायुद्धाचे दिवस. देश जर्मनांच्या टाचेखाली. कोण वाचणार?

आता जो भाग येतो तो वाचताना मी वाचनालयाच्या बाकावर सावरून बसलो. १७ सप्टेंबर १९४४ रोजी लंडनमध्ये आसरा घेतलेल्या डच सरकारच्या आवाहनावरून हॉलंडच्या रेल्वे कामगारांनी संप पुकारला. जर्मन फौजांची वाहतूक अडवावी हा हेतू. तीस हजारांच्या आसपास कामगार घरदार सोडून भूमिगत झाले. सूड म्हणून जर्मनांनी पश्चिम हॉलंडकडे जाणारे धान्य रोखून धरले. त्यात हिवाळा कडक पडला, कालवे गोठले. लोकांनी बीट आणि ट्यूलिपच्या फुलांचे कंद शिजवून खाल्ले. वीस हजारांच्या घरात माणसे मेली. शहरात पाव मिळेनासा झाला. अशा त्या उपासमारीत सीलिॲकची मुले मात्र सुधारली, आणि पुढे पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. संपाने विज्ञानाची सेवा केली असे म्हणण्याचा मोह मला झाला होता, तो आवरतो. वीस हजार मढ्यांवर असले श्रेय घेऊ नये. शिवाय डिके यांचा संशय संपाच्या आधीचा आहे. उपासमारीने त्याला दुजोरा दिला इतकेच.

पण दुजोरा म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा मिळाला तो मोजमापाने, आणि येथे आपले तेल पुन्हा कथेत येते. उत्रेख्त येथील रसायनज्ञ वान दे कामर यांनी शौचातील चरबी अचूक मोजण्याची रीत बसवली. डिके, त्यांचे सहकारी वायर्स आणि हे रसायनज्ञ अशा तिघांनी मुलांना काही दिवस गव्हासह आणि काही दिवस गव्हाविना जेवण दिले आणि रोज मोजले. गहू दिला की चरबी वाहून जायची, गहू काढला की तीच चरबी अंगी लागायची. तांदूळ आणि मका दिल्याने काही बिघडत नव्हते. डिके यांचा प्रबंध १९५० मध्ये मान्य झाला. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या मंडळींनी दाखवले की गव्हातही दोषी आहे ते ग्लूटेन. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली धुवत राहिले की पिष्ट वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो, तोच हा. पुढे आतड्याचे तुकडे तपासले तेव्हा यंत्रणाही उलगडली. आतड्याच्या आतल्या अंगाला मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, त्यांतून अन्नरस शोषला जातो. या माणसांत ग्लूटेनमुळे ते अंकुर झिजून सपाट होतात. मग तेल कितीही चोख असो, ते शोषायला जागाच उरत नाही. गुन्हा गव्हाचा, आणि मुद्देमाल तेलाच्या घरी सापडलेला!

आता रोजच्या प्रश्नाकडे येऊ. गहू सोडला, पण तेल कोणते घ्यावे? तेलात ग्लूटेन असेल काय?

याचे अर्धे उत्तर कोणत्याही गवळ्याला ठाऊक आहे. म्हशीला आपण तेल पाजत नाही, पेंड घालतो. का? कारण बियांतले प्रथिन पेंडीत राहते आणि तेलात स्निग्धांश उतरतो. ग्लूटेन हे प्रथिन आहे. आणि मुळात भुईमूग, तीळ, करडई, सूर्यफूल, सरकी, सोयाबीन, खोबरे, मोहरी यांच्यात ते नाहीच. तेव्हा शुद्ध असेल तर यांपैकी कोणतेही तेल सीलिॲकच्या माणसाला चालते. एक तेवढे गव्हांकुराचे तेल टाळावे. ते आपल्या स्वयंपाकात नसते, औषधी गोळ्यांत आणि सौंदर्यप्रसाधनांत असते.

पण सगळ्यांची बाधा गव्हाचीच नसते. काहींना शेंगदाणा सोसत नाही, काहींना तीळ. येथे माझ्या मनाविरुद्धची एक गोष्ट सांगणे भाग आहे. मी लाकडी घाण्याच्या तेलाचा भक्त. भरिताला घाण्याचे तेल नसेल तर मी जेवणावरून रुसतो. परंतु १९९७ मध्ये इंग्लंडमधील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ६० जणांना दोन्ही प्रकारचे तेल देऊन पाहिले. कच्च्या तेलाने सहा जणांना त्रास झाला, रिफाइंड तेलाने एकालाही नाही. कारण सोपे आहे. घाण्याच्या तेलात पेंडीचा सूक्ष्म अंश राहतो, आणि वास व चव त्या तेलातच उरते. रिफायनरीत कॉस्टिक सोड्याने आम्लता काढतात, विशिष्ट मातीतून गाळून रंग काढतात, निर्वात टाकीत कडक वाफ सोडून वास काढतात. चव जाते आणि तिच्याबरोबर प्रथिनही जवळजवळ सगळे जाते. ज्या रिफाइंडवर मी घरात तोंड टाकीत होतो, ते अशा लोकांना अधिक सोयीचे निघाले. तरीही ज्याची ॲलर्जी तीव्र आहे, ज्याचा गळा सुजतो, त्याने आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून शेंगदाण्याच्या कोणत्याच तेलाला हात लावू नये.

डब्यांवरचे शब्दही फसवे असतात. ‘फिल्टर’ म्हणजे रिफाइंड नव्हे, आणि ‘डबल फिल्टर’ म्हणजेही नव्हे. ते नुसते गाळलेले असते. ‘मिश्र तेल’ असे लिहिले असेल तर आत दोन तेले असतात, आणि कायद्याप्रमाणे प्रत्येकाचा हिस्सा किमान २० टक्के असावा लागतो. दुसरे कोणते आहे ते बारीक अक्षरांत असते, ते वाचावे. आणि घाण्यावरून तेल नेत असाल तर या घाण्यात आधी काय पिळले, हे घाणेवाल्याला विचारावे. शेंगदाण्यावर तीळ आणि तिळावर करडई, असे एकाच उखळात चालते. मी पुष्कळ घाणे पाहिले आहेत. दर वेळी कुणी उखळ धूत नाही.

लोक तेलावर संशय घेतात त्यालाही इतिहास आहे, आणि तो तेल विकणाऱ्यांनी आपल्या करणीने कमावला आहे. १९५९ मध्ये मोरोक्कोच्या मेक्नेस भागात कुणी ऑलिव्ह तेलात विमानाच्या इंजिनाचे निकामी काढलेले वंगण मिसळून विकले. दहा हजारांच्या आसपास माणसांचे हातपाय लुळे पडले. १९८१ मध्ये स्पेनमध्ये कारखान्यांच्या वापरासाठी रसायन घातलेले मोहरीवर्गातले तेल ऑलिव्ह तेल म्हणून दारोदार विकले गेले. सुमारे वीस हजार लोक बाधित झाले आणि शेकडो दगावले. आपल्याकडे १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचे तेल निघाले. माणसे सुजली, साठांवर गेली. त्यानंतरच त्या साली खाद्यतेल सीलबंद विकण्याचा केंद्राचा आदेश निघाला. तिन्ही ठिकाणी विष पाजले गेले ते स्वस्त तेल घेणाऱ्या गोरगरिबांना. म्हणून सुटे तेल घेऊ नका असे मी सांगतो, पण पाव लिटरच घेण्याची ज्याची ऐपत आहे त्याला ते सांगताना जीभ अडखळते.

आता कढईकडे वळतो. माझी दुसरी चूक कढईतली आहे.

मुलगी सुधारली. ज्वारीची, बाजरीची, कळण्याची भाकरी खाऊ लागली. या बाबतीत आपण खानदेशी लोक भाग्यवान, पंजाबातल्या सीलिॲकच्या पोराची पंचाईत मोठी. एका आषाढी एकादशीला मी तिला घेऊन बाजारात गेलो होतो. एका उपाहारगृहावर पाटी होती, ‘शुद्ध शेंगदाणा तेलात तळलेले उपासाचे पदार्थ’. साबुदाणा, बटाटा, दाण्याचा कूट. त्यात गहू कुठून येणार? तिने दोन साबुदाणावडे खाल्ले. रात्री पोट फुगले, आणि पुढचे चार दिवस पोर अंथरुणाला. माझी आई म्हणाली, “मी सांगत होते, तेलच.” या खेपेस ती निम्मी बरोबर होती.

मी पुन्हा तेथे गेलो. मालकाला भेटलो नाही. मागच्या दाराने भटारखान्यात गेलो, तेथे तळणारा माणूस विडी ओढीत बसला होता. त्याला विचारले. तो म्हणाला, “भाऊ, पाटी खरी आहे. तेल शेंगदाण्याचंच. पण कढई एकच. सकाळी कचोरी न् समोसे काढतो, मग त्याच तेलात वडे. तुम्ही पहिलेच विचारणारे.” समोशाच्या मैद्याचे कण तेलात सुटतात, तळाशी बसतात आणि पुढच्या घाण्याला चिकटतात. उकळत्या तेलात ग्लूटेन जळून जात असेल, हा माझा समज होता आणि तो खोटा आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन तपासणीत गव्हाचे पदार्थ तळलेल्या तेलात काढलेले बटाट्याचे वीस नमुने घेतले, त्यांतील नऊंत ग्लूटेन मिळाले. ग्लूटेनमुक्त म्हणण्याची मर्यादा आपल्याकडेही किलोला २० मिलिग्रॅम अशी आहे. चिमूटभर मैदा ती सहज ओलांडतो.

खरे म्हणजे हे शास्त्र आपल्या बायकांना आधीपासून येते, त्याचे नाव तेवढे निराळे. उपासाची भाजणी दळायला टाकताना आई गिरणीवाल्याला बजावते, “गव्हावर दळू नको रे.” सोवळ्याच्या तेलाची बुधली वेगळी, उपासाची पळी वेगळी. धर्मासाठी जी दक्षता आपण शतकानुशतके पाळली, ती आजारी पोरासाठी पाळायला सांगितले की लोकांना ते फार वाटते, याचे मला नवल वाटते.

फोडणीचा हिंगही पाहावा. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून बाजारातला बांधानी हिंग डिंकात आणि पिठात कालवलेला असतो. ते पीठ बहुधा मैद्याचे असते. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो मागून घ्यावा. माझ्या घरात सहा महिने निर्दोष तेलात रोज मैद्याचा हिंग पडत होता.

ज्यांना सीलिॲक नाही, पण गहू खाल्ला की पोट फुगते, त्यांच्यासाठी एक शब्द. २०१८ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी अशा ५९ जणांना काय दिले ते न सांगता खायला घालून पाहिले. पुष्कळांना ग्लूटेनने नव्हे, तर गव्हातीलच फ्रुक्टन नावाच्या साखरेच्या साखळीने त्रास होतो असे निघाले. हे फ्रुक्टन कांद्यात आणि लसणीतही असते. पण ते पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या तर वास राहतो आणि बाधा टळते. जन्मभर आरोपी म्हणून उभे राहिलेले तेल येथे चक्क उपकारकर्ते ठरते. मात्र सीलिॲकची शंका असेल तर तपासणीआधी गहू सोडू नये. गहू सोडला की रक्तातील खुणा मावळतात आणि निदान हुकते.

त्या तळणाऱ्या माणसाशी माझी पुढे मैत्री झाली. तो आमच्या युनियनचा सभासद नव्हता, आता आहे. त्याने मालकाला सांगून उपासाला दुसरी कढई मागितली. मालकाने आधी गॅसचा खर्च सांगितला, मग पुढच्या एकादशीला कढई आली. पाटी होती तशीच राहिली.

मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे, बाहेरगावी वसतिगृहात राहते. परवा तिला भेटायला गेलो तेव्हा ती मला कॉलेजजवळच्या एका गाडीवर घेऊन गेली. गाडीवाल्याने भज्यांचे पीठ कालवले होते, नुसते बेसन. मी ब्रँड पाहावा म्हणून तेलाचा डबा शोधू लागलो. ती म्हणाली, “आप्पा, डबा राहू द्या,” आणि गाडीवाल्याकडे वळून तिने विचारले, “दादा, सकाळपासून या तेलात काय काय तळलं?”